सभेच्या दारापासून संसदेपर्यंत

आपल्या गावातील राजकीय सभेला आज कोणतीही स्त्री जाऊन बसू शकते. जपानमध्ये मात्र १९०० सालच्या पोलीस कायद्याच्या पाचव्या कलमान्वये स्त्रियांना राजकीय पक्षाचे सभासद होण्यास, इतकेच नव्हे तर राजकीय सभेत श्रोता म्हणून बसण्यासही मनाई होती. हे कलम बदलण्यासाठी झगडलेल्या स्त्रियांत फुसाए इचिकावा अग्रभागी होत्या.

त्यांचा जन्म १५ मे १८९३ रोजी आयची प्रांतातील एका शेतकरी कुटुंबात झाला. वडील आईला मारहाण करीत आणि आई ती मुकाट्याने सोसत असे. हे दृश्य फुसाए कधीही विसरल्या नाहीत. नवल असे, की याच वडिलांना आपल्या मुलांनी खूप शिकावे असे मनापासून वाटे. फुसाए प्रथम शिक्षिका झाल्या. १९१७ मध्ये 'नागोया शिंबुन' या दैनिकात त्या रुजू झाल्या; त्या दैनिकाच्या त्या पहिल्याच स्त्री-वार्ताहर.

हा काळ फार लांबला नाही. १९१८ मध्ये त्या टोकिओला गेल्या. तेथे राइचो हिरात्सुका यांच्यासह त्यांनी 'नवस्त्री संघ' उभारला आणि पाचव्या कलमाविरुद्ध संसदेकडे अर्ज केले. १९२२ मध्ये कलमात दुरुस्ती होऊन सभेची दारे स्त्रियांना उघडली. पक्षात जाण्याची बंदी तशीच राहिली आणि मताचा अधिकार तर नव्हताच. त्यासाठी १९२४ मध्ये त्यांनी नवी संघटना स्थापली.

युद्धकाळात त्यांनी सरकारी संघटनांतून काम केले. त्यांच्या चरित्रातील हा वादाचा भाग झाकून ठेवण्याचे कारण नाही. डिसेंबर १९४५ मध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला आणि एप्रिल १९४६ च्या निवडणुकीत ३९ स्त्रिया निवडून आल्या. ज्यांनी त्यासाठी आयुष्य वेचले, त्या इचिकावांना मात्र युद्धकालीन कामामुळे १९४७ ते १९५० या काळात सार्वजनिक जीवनातून दूर ठेवण्यात आले.

१९५३ मध्ये त्या टोकिओतून अपक्ष म्हणून वरिष्ठ सभागृहावर निवडून आल्या. निवडणुकीतील पैशाचा खेळ थांबावा, हा त्यांचा आग्रह होता आणि स्वतःच्या प्रचारातही त्यांनी तो पाळला. १९७१ मध्ये त्यांचा पराभव झाला. १९७४ मध्ये तरुण कार्यकर्त्यांनी त्यांना पुन्हा उभे केले व त्या विजयी झाल्या. त्याच वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८० मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, राष्ट्रीय मतदारसंघात त्यांना सर्वाधिक मते पडली. ११ फेब्रुवारी १९८१ रोजी त्या निवर्तल्या, तेव्हाही त्या सभागृहाच्या सदस्य होत्या.