पाहुण्या स्टँडातला निळा शर्ट

प्रश्न : मी मुंबई सिटी फुटबॉल संघाचा पाठीराखा. फातोर्ड्याला एफसी गोवाविरुद्धचा सामना बघायचाय. परक्या मैदानात निळा शर्ट घालून जावं का?
– एक वाचक, देगलूर

उत्तर : जरूर घाला, पण तिकीट पाहुण्या संघाच्या स्टँडचंच काढा. नारिंगी गर्दीत बसलात, तर आपला गोल झाल्यावर हात खिशात ठेवावे लागतील. ती शिक्षा फार मोठी! देगलूरला रेल्वे नाही. एसटीनं नांदेड, तिथून तपोवन किंवा देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबई, पुढं कोकणकन्या किंवा मांडवीनं मडगाव. स्टेडियम तिथून जवळच. पाण्याची बाटली, मोठी बॅग, झेंड्याची काठी दारातच अडते. ढोल न्यायचा असेल तर चाहत्यांच्या गटामार्फत आधी परवानगी काढा. परतताना शर्टावर साधा सदरा चढवा; भिऊन नव्हे, उगाच वाद नको म्हणून.

आणि शिट्टी वाजेपर्यंत जागा सोडू नका. २४ एप्रिल २०२४ च्या उपांत्य सामन्यात याच मैदानावर नव्वदाव्या मिनिटाच्या तोंडावर मुंबई ०-२ अशी मागं होती. मग छांगटेनं दोन आणि विक्रम प्रताप सिंगनं एक गोल केला. मुंबई ३-२ जिंकली.