पायाला रंग द्यावा का?

बालमित्रांनो, या वेळचा पाठ घराच्या पायाचा. हर्नडनमधल्या पुष्कळ घरांचा काँक्रीटचा पाया जमिनीखाली डांबराने काळा केलेला असतो. मातीतली ओल भिंतीत शिरू नये म्हणून. कधी ही काळी पट्टी मातीच्या वर डोकावते आणि वाईट दिसते. मग आईबाबा रंगाचा डबा आणतात.

थेट डांबरावर रंग देऊ नये, असे आम्ही सांगू. डांबर उन्हात तापून मऊ होते, वरचा रंग ताठ राहतो, म्हणून त्याला भेगा पडतात. तेलरंगातल्या टर्पेंटाइनने डांबर विरघळते व तपकिरी डाग वर येतात. दुसरा हात द्या, तिसरा द्या, डाग येतातच! मातीवरच्या भागावर जाळी ठोकून सिमेंटचा गिलावा करावा, तो नीट वाळला की रंग. मातीखालचे डांबर मात्र खरवडू नका. लेप सिमेंटचा असेल तर काम सोपे, काँक्रीटचा रंग त्यावर धरतो.

तळघराच्या भिंतीवर आतून पांढरी पूड दिसते का? आजीला विचारा, ती म्हणेल, "लोणा लागलाय." पाणी काँक्रीटमधून येताना क्षार आणते. पाणी उडून जाते, क्षार उरतात. त्यावर रंग दिला की पोपडे निघतात. याचा इलाज बाहेर: पन्हळी साफ ठेवणे आणि घरापासून पहिल्या १० फुटांत जमिनीला ६ इंच उतार देणे.

गृहपाठ: घराभोवती एक फेरी मारा. लोणा, गिलावा, पोपडे, पन्हळ हे शब्द वापरून चार वाक्ये लिहा.