दिव्यांगांची नोकरी : पैसे कुठे लागतात, कुठे लागू नयेत

तालुक्याच्या गावी ऑनलाइन सेवा केंद्राबाहेर हमखास एक पाटी असते : 'यूडीआयडी कार्ड काढून मिळेल'. दर मात्र लिहिलेला नसतो. तो माणूस बघून ठरतो. कुबडी घेऊन आलेल्याबरोबर गावाकडची आई असेल तर एक आकडा, शिकलेला भाऊ असेल तर दुसरा. नोकरीच्या शोधात निघालेल्या दिव्यांग उमेदवाराचा पहिला पैसा बहुधा इथेच जातो.

यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर त्याचा अर्ज करायला, वैद्यकीय मंडळाकडून तपासणी व्हायला आणि कार्ड घरी यायला सरकारी शुल्क नाही. सेवा केंद्रवाल्याने फॉर्म भरण्याची आणि स्कॅनिंगची मजुरी घेतली तर ती रास्त आहे, फक्त किती ते आधी विचारा. 'टक्केवारी बघून घेतो, वर थोडे द्यावे लागतील' हे वाक्य कानावर पडले की उठून बाहेर या. लाटलेल्या सवलतीसाठी २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. कोर्टात उभे राहावे लागते ते उमेदवाराला. एजंट तोवर दुसऱ्या तालुक्यात पाटी लावून बसलेला असतो.

कार्डाचा रंग बघायला शिका. ४० टक्क्यांच्या आत पांढरा पट्टा, ४० ते ७९ पिवळा, ८० आणि वर निळा. सरकारी नोकरीतले ४ टक्के आरक्षण आणि बहुतेक सवलती ४० पासून सुरू होतात.

प्रमाणपत्राचा खरा खर्च हेलपाट्यांचा असतो. सिव्हिलमध्ये प्रत्येक प्रकारच्या दिव्यांगत्वाचा तज्ज्ञ रोज बसत नाही, बोर्डाचे वार ठरलेले असतात. वार न विचारता गेलात तर भाडे आणि सोबत आलेल्याचा रोज, दोन्ही बुडाले. कर्णबधिर उमेदवाराला 'बेरा' तपासणी बाहेरून करून आणायला सांगितली, तर ती कोणत्या सरकारी रुग्णालयात होते हे आधी लेखी मागा. बाहेरच्या लॅबचे बिल सहज काही हजारांवर जाते.

प्रशिक्षणासाठी पैसे मोजणे मला तरी शेवटचा पर्याय वाटतो. केंद्राच्या श्रम मंत्रालयाचे राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र मुंबईत शीवला आहे. जुनी माणसे त्याला अजून व्हीआरसीच म्हणतात. १९६८ मध्ये देशात अशी पहिली केंद्रे निघाली, त्यांतले हे एक. उमेदवाराला काय जमेल याची चाचणी, कौशल्याचे शिक्षण आणि नोकरीसाठी शिफारस, सगळे मोफत. केंद्राच्या कौशल्य विकास आराखड्याखालचे वर्गही विनामूल्य असतात. पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच सेवाभावी संस्था कंपन्यांच्या सामाजिक निधीवर चालतात आणि उमेदवाराकडून काही घेत नाहीत. त्यामुळे 'नोंदणी फी भरा, शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : गेल्या वर्षी तुमच्याकडून लागलेल्या दोघांशी फोनवर बोलता येईल का?

परीक्षांचे पाहा. केंद्रीय लोकसेवा आयोग आणि कर्मचारी निवड आयोग दिव्यांगांकडून शुल्क घेत नाहीत. बँकांच्या आयबीपीएस परीक्षांना अलीकडे सर्वसाधारण उमेदवाराला ८५० रुपये पडले, दिव्यांगाला १७५. लेखनिक लागत असेल तर तासाला २० मिनिटे जादा वेळ मिळतो, पण अर्ज भरतानाच तशी खूण करावी लागते. ती राहिली की परीक्षा केंद्रावर कोणी ऐकून घेत नाही.

साधनांच्या बाबतीत दुकानदाराआधी अनुभवी वापरकर्त्याला विचारावे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे जॉज हे सॉफ्टवेअर महाग आहे. एनव्हीडीए हे त्याच कामाचे सॉफ्टवेअर फुकट उतरवून घेता येते आणि मराठीही वाचते. आवाज यंत्राचा, थोडा घोगरा आहे, पण सवय झालेले लोक तो असा काही भरधाव वेगाने ऐकतात की शेजारच्याला अक्षर कळत नाही. ऐकायला कमी येणाऱ्यासाठी बोललेले लगेच लिहून दाखवणारी ॲप मोबाइलवर मोफत आहेत. व्हीलचेअर, श्रवणयंत्र, कॅलिपर यांसाठी केंद्राची एडिप योजना आहे : मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत अर्ध्या किमतीत. साधने बहुतेक शिबिरांत वाटली जातात आणि शिबिराची तारीख जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात कळते. श्रवणयंत्र घेताना यंत्राच्या किमतीइतकेच कानातल्या साच्याचे आणि सेलचे बोला. यंत्र एकदाच घ्यायचे, सेल कायमचे.

आता मुख्य गोष्ट. नोकरी लागल्यावर जी सोय लागेल तिचा खर्च कोणी करायचा?

इथे लोक फार पटकन खिशात हात घालतात. मुलाखतीत साहेब म्हणतात, 'तुम्हाला घ्यायला हरकत नाही, पण त्या सॉफ्टवेअरचे तुम्ही बघा.' उमेदवार लगेच मान डोलावतो, कारण नोकरी हवी असते. २०१७ च्या केंद्रीय नियमांनी याचे उत्तर सरळ देऊन ठेवले आहे : वाजवी सोयीसाठी आलेला खर्च, अर्धा असो की पूर्ण, कोणतीही आस्थापना दिव्यांग व्यक्तीला भरायला भाग पाडू शकत नाही. आस्थापनेत खासगी कंपनीही आली. सोय अशी असावी की मालकाचे कंबरडे मोडू नये, ही अट कायद्यात आहेच. पण बहुतेक सोयींना गवंड्याचा एक दिवस किंवा बसायची जागा बदलणे एवढेच लागते. दारातली पायरी ६ इंचांची असेल तर १ : १२ या प्रमाणाने ६ फुटांचा उतार पुरतो. पुष्कळ ठिकाणी मी तोच उतार तीन फुटांत उरकलेला पाहिला आहे. त्यावरून व्हीलचेअर खाली येते ती थेट पार्किंगमधल्या स्कूटरवर. पैसे खर्च झाले, सोय झाली नाही.

म्हणून मागणी करताना मोघम बोलू नका. 'मला मदत लागेल' याऐवजी 'तळमजल्यावर जागा, पडदावाचक चालणारा संगणक, बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी ईमेलने' असे लिहून द्या आणि प्रत ठेवा. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने आपले समान संधी धोरण जाहीर करायचे असते आणि त्यात या सोयी लिहायच्या असतात. रुजू होण्याआधी ते मागून वाचा. सरकारी नोकरीत असताना अपघाताने दिव्यांगत्व आले, तर नोकरीवरून काढता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही. तेच काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे द्यावे लागते. 'स्वेच्छेने' राजीनामा लिहून देण्याआधी एवढे लक्षात असू द्या.

पगार सुरू झाला की पहिली पगारपावती वाचा. 'व्यवसाय कर २००' ही ओळ असेल तर हिशेब विभागात जा. महाराष्ट्रात कायमचे शारीरिक दिव्यांगत्व असलेल्याला प्रमाणपत्र दिल्यावर हा कर माफ आहे. वर्षाला २,५०० रुपये होतात, आणि कापणारा आपणहून विचारत नाही. राज्य विम्याची, म्हणजे ईएसआयची, पगारमर्यादा इतरांना २१,००० आहे, दिव्यांगांना २५,०००. पगाराच्या पाऊण टक्क्यात घरच्यांच्या उपचाराची सोय होते. आयकराच्या जुन्या प्रणालीत ७५,००० ची वजावट आहे, ८० टक्के आणि वर असेल तर १,२५,००० ची. नव्या प्रणालीत ती मिळत नाही, म्हणून दोन्ही आकडे मांडूनच प्रणाली निवडा.

प्रवासात एसटीला ७५ टक्के सवलत आहे. अंध आणि अस्थिव्यंग प्रवाशाला लोकलचा पास निम्म्या दरात पडतो, पण त्यासाठी रेल्वेच्या नमुन्यातले सवलत प्रमाणपत्र वेगळे लागते. खिशाला जी चाट बसते ती स्टेशन ते ऑफिस या टप्प्यात. तिथे रिक्षाशिवाय इलाज नसतो आणि रिक्षाला सवलत नसते.

हा रिक्षाचा खर्च धरून एक हिशेब नोकरी स्वीकारण्याआधी करा. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना आता महिना २,५०० रुपये मिळतात, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत असेल तर. समजा ९,००० ची नोकरी लागली. वर्षाचे १,०८,००० झाले, म्हणजे अनुदान बंद. हातात वाढले ६,५००. रिक्षाला रोज ६० रुपये आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर १,५०० गेले, उरले ५,०००. तरीही मी नोकरी घ्या असेच म्हणेन, कारण भविष्यनिर्वाह निधी, विमा आणि अनुभव अनुदानात येत नाहीत. मात्र पगार रोखीत, पीएफ नाही, नेमणूकपत्र नाही अशा नोकरीसाठी अनुदान सोडणे घाट्याचे आहे. ती सहा महिन्यांत सुटली तर अनुदानासाठी तहसीलच्या फेऱ्या पुन्हा पहिल्यापासून.

स्वतःचा धंदा करायचा असेल तर बीजभांडवल योजना १,५०,००० पर्यंतच्या व्यवसायाला आहे : ८० टक्के बँकेचे कर्ज, २० टक्के म्हणजे कमाल ३०,००० अनुदान. कागदावर छान दिसते. अडते ते बँकेच्या दारात, म्हणून अर्जाआधी शाखाधिकाऱ्याला भेटा. राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळाचे कर्ज हा दुसरा रस्ता. ग्रामपंचायत, नगरपालिका यांनी स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. गेल्या वर्षी ते कशावर गेले, हे ग्रामसभेत विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि सोय नाकारली, पैसे मागितले, आरक्षण डावलले, तर पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. वकील लागत नाही, कोर्ट फी नाही, साधा कागद चालतो. कायदा मोडल्याबद्दल पहिल्या वेळी १०,००० पर्यंत आणि पुढे ५०,००० ते ५ लाख दंड आहे. तक्रारीसोबत तुम्ही लिहून दिलेल्या मागणीची प्रत जोडा आणि पोचपावती घेतल्याशिवाय कागद हातचा सोडू नका.