दिव्याला बारीक रवा का लागतो?

प्रश्न : पेरोव्हस्काइटच्या सौरघटात स्फटिक जितके मोठे तितके बरे, असे वाचले. मग त्याच पदार्थाचा एलईडी करताना ते मुद्दाम लहान का ठेवतात? आणि इतक्या पातळ थरात त्यांची वाढ रोखतात तरी कशी?

उत्तर : प्रश्न रास्त आहे. आधी एक दुरुस्ती. पेरोव्हस्काइट हा एकच एक पदार्थ नव्हे. 1839 साली उरल पर्वतात सापडलेल्या एका खनिजाचे हे नाव. आज अणूंची तशी मांडणी असलेल्या सगळ्याच कुटुंबाला ते लावतात. दिव्यांसाठी वापरतात त्या भाईबंदांत बहुधा शिसे असते आणि जोडीला ब्रोमीन किंवा आयोडीन. ब्रोमीन असेल तर हिरवा प्रकाश, आयोडीन असेल तर लाल किंवा त्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा.

आता आकाराचे. सौरघटात प्रकाश पडला की ऋणभारित इलेक्ट्रॉन आणि धनभारित 'होल' तयार होतात. त्यांना वेगळे करून दोन टोकांना न्यायचे असते. वाटेत स्फटिकांच्या सीमा जितक्या कमी, तितका प्रवास सुखाचा. दिव्याचे काम उलटे. तिथे दोन्ही बाजूंनी आत सोडलेले हे दोघे भेटले, तरच प्रकाश पडतो. मोठा स्फटिक म्हणजे जत्रेचे मैदान, चुकामूक ठरलेलीच. वाड्याच्या लहानशा चौकात मात्र गाठ पडल्यावाचून राहत नाही.

वाढ कशी रोखतात, ते तुपावरून चटकन कळेल. कढवलेले तूप ओट्यावर सावकाश निवले की छान रवाळ होते. तेच गरम गरम फ्रिजमध्ये ठेवले तर लोण्यासारखे गुळगुळीत थिजते. सावकाश निवताना मोजकेच कण जन्मतात आणि निवांत मोठे होतात. एकदम गार केले तर असंख्य कण एकाच वेळी जन्मतात आणि वाढायला कोणालाच माल पुरत नाही. म्हणजे स्फटिकांचा आकार ठरतो तो मुख्यतः जन्माच्या क्षणी.

प्रयोगशाळेत पेरोव्हस्काइट बनवणारे क्षार द्रावणात विरघळवून काचेवर ओततात आणि काच गरगर फिरवतात. नुसते वाळू दिले, तर मोठे, विखुरलेले स्फटिक बसतात आणि मधे फटी राहतात. वीज त्या फटींतून परभारे पार होते, प्रकाश न देता. म्हणून काच फिरत असतानाच वरून क्लोरोफॉर्मसारखा द्रव सोडतात. त्याने थर धुऊन जाईल असे वाटते, पण क्षार त्यात विरघळतच नाहीत. तो फक्त मूळ द्रावक ओढून घेतो आणि सगळे स्फटिक एकदम उगवतात. थेंब चार सेकंद लवकर पडला किंवा उशिरा, तरी थर बिघडतो. माझ्या मते खरी कारागिरी या मुहूर्तात आहे.

त्याचा गुण आकड्यांत दिसतो. 2014 साली केंब्रिजच्या पहिल्या हिरव्या दिव्यात आत गेलेल्या हजार इलेक्ट्रॉनांमागे जेमतेम एक प्रकाशकण बाहेर आला. पुढच्याच वर्षी कोरियातल्या ताए-वू ली यांच्या गटाने वरची युक्ती वापरून स्फटिक सरासरी शंभर नॅनोमीटरवर रोखले, तेव्हा हजारामागे पंचाऐंशी. ब्रोमाइडचा क्षार किंचित जास्त घालून त्यांनी प्रकाश गिळणारे सुटे शिसेही आवरले होते.

मग जितके बारीक तितके चांगले? तसेही नाही. स्फटिक लहान झाले की एकूण पृष्ठभाग वाढतो, आणि पृष्ठभागावर अणूंचे मोकळे हात असतात. त्यांत अडकलेला इलेक्ट्रॉन प्रकाशाऐवजी उष्णता देतो. त्यावर उपाय म्हणजे द्रावणात काही सेंद्रिय रेणू मिसळणे. पाकाची साखर होऊ नये म्हणून आपण लिंबू पिळतो ना, तसे. हे रेणू स्फटिकाच्या अंगाला चिकटतात, मोकळे हात बांधतात आणि वाढीलाही लगाम घालतात.

2018 मध्ये नानजिंगच्या गटाने असाच एक अमिनो आम्लाचा रेणू घातला. सलग थराऐवजी स्फटिकांची सुटी सुटी बेटे तयार झाली. एरवी सपाट थरात प्रकाश आतल्या आतच परावर्तित होऊन कोंडतो. बेटांमुळे त्याला बाहेरची वाट सापडली. अवरक्त प्रकाश देणाऱ्या या दिव्याची कार्यक्षमता 20.7 टक्के भरली. म्हणजे थर अखंड नसणे हा जो कालपर्यंत दोष होता, तोच नीट आवरल्यावर गुण ठरला.

दुकानात कधी, हे तुम्ही विचारले नाहीत, पण विचारालच! निळा रंग अजून मागे आहे. क्लोरीन-ब्रोमीनच्या मिश्रणातून तो काढावा, तर वीज वाहू लागताच दोन्ही वेगळे होऊ पाहतात आणि निळा हिरव्याकडे झुकतो. शिवाय आयुष्य कमी, आणि शिशाचा प्रश्न आहेच. तोवर घरातला नेहमीचा एलईडी काढायची घाई नको.