सेल्फचे बटण आणि बाजाराचा दिवस

गांधीबागेतून कापडाचे गठ्ठे मोटरसायकलला बांधून उमरेड, काटोल, सावनेरच्या बाजाराला जाणारे कितीतरी फेरीवाले आपल्या ओळखीचे आहेत. पल्सर २००१ मध्ये बाजारात आली. त्या सुमाराच्या गाड्या अजूनही हे काम करतात. भरल्या गाडीला किक मारणे कठीण, त्यामुळे सेल्फ लागला नाही की बाजाराचा दिवस बुडतो. मिस्त्रीकडे गेल्यास पुष्कळदा थेट मोटर बदलण्याचीच भाषा निघते. त्याआधी थोडी तपासणी स्वतः करावी.

मोटरचा करंट बटणातून जात नाही, हे प्रथम समजून घ्यावे. बटण फक्त रिलेला जागे करते. मग बॅटरीचा मोठा करंट रिलेतून जाड वायरने मोटरकडे जातो. म्हणून कान द्यावा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, क्लच दाबून बटण दाबावे. रिलेतून 'टिक' असा आवाज आला तर बटण बहुधा ठीक आहे. दोष बॅटरीत, रिलेत किंवा मोटरच्या कार्बन ब्रशमध्ये शोधावा. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. आवाजच नसेल तर फ्यूज, क्लचचा स्विच आणि मग बटण पाहावे. हँडल वळवताना सेल्फ मधूनच लागत असेल, तर हँडलजवळ वायर तुटली असण्याचा संभव असतो.

बटण खोलण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. खाली पांढरे कापड अंथरावे (आपल्याकडे त्याची काय कमी!), कारण आतली बारीक स्प्रिंग उडाली की सापडत नाही. तांब्याच्या पॉइंटवर हिरवट थर दिसेल. पावसाचे आणि प्रेशरने धुण्याचे पाणी आत जाते, त्यात उन्हाळ्याची धूळ बसते. बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासावे, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून सुकू द्यावे. पेट्रोल वापरू नये, ही ठिणगीची जागा आहे. प्लास्टिक वितळले असेल किंवा दाबलेले बटण परत येत नसेल तर नवा स्विचच घ्यावा. अडकलेल्या बटणामुळे मोटर फिरत राहून जळते; तसे झाल्यास लगेच चावी बंद करावी.

रस्त्यात काही जण रिलेची दोन टोके पान्याने जोडून गाडी चालू करतात. गियर पडलेला असेल तर गाडी उडी घेते, समोर माणूस असो वा भिंत.

दुरुस्तीनंतर बटण एका वेळी ५ सेकंदांहून जास्त दाबू नये. मध्ये थोडे थांबून पुन्हा दाबावे.