स्वस्त ट्रेलरचं वजन

माझ्या मावसभावाने पहिला ट्रेलर घेतला तेव्हा समोर तीन कोटेशनं होती. त्याने सगळ्यात खालचा आकडा उचलला, दीड लाख वाचले म्हणून पेढे वाटले. पुढचा सगळा जमाखर्च माझ्या वहीत आहे, म्हणून हे सांगतो.

सुरतजवळच्या हजिऱ्याहून कळंबोलीच्या लोखंड बाजारात पोलादाच्या कॉइल न्यायच्या, हा त्याचा धंदा. पुढे ओढणारा तीन अ‍ॅक्सलचा घोडा, मागे तीन अ‍ॅक्सलचा ट्रेलर, एकूण २२ चाकं. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने अ‍ॅक्सलवरची वजनमर्यादा वाढवली, तेव्हापासून अशा गाडीला मालासकट ५५ टनांची मुभा आहे. पण या ५५ टनांत ट्रेलरचं स्वतःचं लोखंडही मोजलं जातं. स्वस्तातल्या ट्रेलरला जाड, साध्या प्रतीचं पोलाद मारलेलं होतं. तो दुसऱ्या कोटेशनवाल्यापेक्षा जवळजवळ टनभर जड भरला. टनामागे हजार रुपये भाडं आणि महिन्याला दहा खेपा धरा. महिन्याचे दहा हजार गेले. वाचवलेले दीड लाख सव्वा वर्षात संपले, आणि ट्रेलर तर दहा-बारा वर्षं वापरायचा असतो. जादा माल भरून वसूल करू म्हणाल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,००० आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा.

टायरचं दुखणं तर याहून वाईट. नवे टायर काही महिन्यांतच एका कडेने झिजायला लागले. ड्रायव्हरवर आळ आला, हवा कमी ठेवतो म्हणून. शेवटी सुरतेतल्या उधन्याच्या एका जुन्या मिस्त्रीने टायरवरून आडवा हात फिरवायला सांगितलं. एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीसारखे दाते. त्याने टेप काढला आणि ट्रेलर घोड्याला जोडणाऱ्या किंगपिनपासून पहिल्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर मोजलं. डावीउजवीकडे बोटभर फरक! अ‍ॅक्सल मुळातच तिरकी बसवलेली. टायर नुसता फिरत नव्हता, रस्त्यावर घासत चालला होता. घासण्याला डिझेलही जास्त लागतं, ते वेगळं सांगायला नको.

हे मोजमाप ताबा घेण्यापूर्वी तुम्हीच करा. दोन माणसं आणि एक टेप पुरतो. दोन-तीन मिलिमीटरच्या वर फरक दिसला तर तिथेच दुरुस्त करून मागा. मागच्या अ‍ॅक्सल पहिलीशी समांतर आहेत का, तेही दोन्ही बाजूंनी पाहा. हब, बेअरिंग, ब्रेक लाइनर, कमानीचे पाटे हायवेवरच्या कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या मापाचे हवेत. नाहीतर एका बेअरिंगसाठी गाडी वापीला दोन दिवस उभी राहते आणि बँकेचा हप्ता थांबत नाही. हजिऱ्याच्या खाऱ्या हवेत रंगाकडेही दुर्लक्ष नको. शॉट ब्लास्टिंग करून प्रायमर मारलाय की गंजावरच रंग फासलाय, हे रंगकाम चालू असताना जाऊन बघा. नंतर काही कळत नाही.

आणि बयाणा देण्यापूर्वी त्याच बनावटीचा तयार रिकामा ट्रेलर तुमच्यासमोर काट्यावर चढवून वजनाची पावती घ्या. पावती द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याचं कोटेशन कितीही खाली असो, त्याच्याकडे घेऊ नका.