अनुभवी ड्राफ्ट्समनने पदवी घ्यावी का?

प्रश्न : मी मेकॅनिकल डिप्लोमा केला आहे. बारा वर्षे भोसरीतल्या कारखान्यात डिझाइन ड्राफ्टिंग करतो. वय ३४. आता बी.ई. करून फायदा होईल का?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : आधी तुम्हाला पुढे कोणते काम करायचे आहे ते ठरवा. ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये ‘ड्रॉन’, ‘चेक्ड’ आणि ‘अप्रूव्ड’ असे रकाने असतात. ‘चेक्ड’पर्यंत अनुभव पोहोचवतो. ‘अप्रूव्ड’पाशी किंवा डिझाइन इंजिनिअरच्या पदावर मोठ्या कंपन्या बहुधा पदवी मागतात. कोपऱ्याला त्रिज्या किती द्यायची हे तुम्हाला सवयीने कळते. ती कमी केली तर ताण कुठे साठेल आणि भाग कुठे तडकेल, याचे गणित पदवीत शिकाल.

मात्र ड्राफ्टिंगमध्येच राहायचे असेल, तर पदवीला लागणाऱ्या पैशांत जीडी अँड टी आणि टॉलरन्स स्टॅकअप पक्के करा. लाभ लवकर दिसेल.

पदवीच हवी असेल, तर डिप्लोमामुळे थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. एआयसीटीईने नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेतले अभ्यासक्रमही मान्य केले आहेत. प्रवेशापूर्वी कॉलेजची मान्यता तपासा. दूरस्थ पद्धतीच्या इंजिनिअरिंग पदवीच्या जाहिरातींना भुलू नका. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरवानगी दिलेल्या अशा पदव्यांवर कठोर निर्णय दिला आहे.

तुमचे वय आड येणार नाही. वरची जबाबदारी हवी असेल, तर नोकरी न सोडता पदवी जरूर घ्या.